१०६० की ५८०? आधी एसएमपीएसचं लेबल वाच

वाचकांचे प्रश्न : पीसी आणि गेमिंग

या खेपेला आलेल्या पत्रांत जुन्या ग्राफिक्स कार्डांचेच प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हा सगळा भाग त्यांनाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं पुढच्या तिघांच्याही कामाचं आहे.

प्रश्न : दादा, मी इचलकरंजीचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे आय-५ ४५७० चा पीसी आहे, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, कॅबिनेटबरोबर आलेला लोकल ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस, मॉनिटर १०८०पी ७५ हर्ट्झ आहे पण त्याला फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए आहे. सगळं मिळून ९ हजार जमलेत. एक जण जीटीएक्स १०६० ६ जीबी साडेसहा हजारांना देतोय आणि दुसरा आरएक्स ५८० ८ जीबी साडेपाचला. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, रेड डेड २ खेळायचाय आणि सायबरपंक निदान चालवून तरी बघायचाय. मित्र म्हणतात ८ जीबी सोडून ६ जीबी घेणं म्हणजे वेडेपणा, वर हजार रुपये जास्त. काय करू?

उत्तर : निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. तुझ्या पीसीला १०६० घे. हे लिहिताना मला जरा जड जातंय, कारण ही दोन कार्डं समोर ठेवून कुणी नुसतं कुठलं चांगलं असं विचारलं तर मी ५८० म्हणतो आणि गेली काही वर्षं म्हणत आलोय, पण तू नुसतं कार्ड विचारलेलं नाहीस, अख्खा पीसी लिहून पाठवलायस आणि त्या यादीतला एसएमपीएस आणि यूपीएस वाचल्यावर माझं उत्तर बदललं.

आधी दोघांची ओळख. एनव्हीडियाचा १०६० आला जुलै २०१६ मध्ये, एएमडीचा ५८० एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे दोघंही म्हातारेच. १०६० मध्ये १२८० कुडा कोर, ६ जीबी जीडीडीआर५ मेमरी, १९२ बिटचा बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आणि १२० वॅटची भूक. ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, २५६ बिटचा बस आणि १८५ वॅट. यातले १२८० आणि २३०४ एकमेकांशी ताडून बघू नकोस, दोन कंपन्यांचे कोर वेगळ्या पद्धतीने काम करतात, नाहीतर ५८० जवळजवळ दुप्पट पळायला हवा होता आणि तसं काही होत नाही. आले तेव्हा दोघं अगदी खांद्याला खांदा लावून होते, डायरेक्टएक्स ११ (गेमने कार्डाशी बोलायची जुनी पद्धत) च्या गेममध्ये १०६० थोडा पुढे, त्यानंतरच्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये ५८० पुढे, आणि नंतर नवे गेम येत गेले तसा ५८० हळूहळू सरस ठरत गेला. पण हा फरक एवढासा आहे की मॉनिटरकडे बघून कुठलं कार्ड लावलंय ते मला तरी ओळखता येणार नाही. सायबरपंकच्या कंपनीने २०२३ मध्ये कमीत कमी काय लागेल त्याची नवी यादी दिली, त्यात १०६० ६ जीबी आणि ५८० ८ जीबी एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहिलेत.

८ जीबीचं म्हणशील तर मित्र चुकीचं सांगत नाहीयेत. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, संपली की काय होतं ते मी भाच्याच्या १०६० वर रेड डेड २ खेळताना नीट बघितलंय. टेक्स्चर (भिंती-जमिनीवरचे बारकावे) अल्ट्राला टाकलं, बाकी सगळं मिडियम, एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, काउंटर पन्नासच्या वर दाखवत होता, आणि घोड्यावरून गावात शिरलो की चित्र अर्धा सेकंद अडकायचं, मग सुटायचं, परत वळलो की परत अडकायचं, आणि लाकडी भिंतींवरच्या फळ्या आधी चिखल माखल्यासारख्या दिसायच्या मग दोन क्षणांनी रेषा उमटायच्या. सरासरी एफपीएस चांगला पण हाताला खेळ जड लागतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं आणि सगळं लोण्यासारखं झालं. ५८० वर ती पायरी उतरावी लागत नाही, इतकंच. म्हणजे २ जीबी जास्तीचा फायदा खराखुरा आहे, पण १०८०पी ला तो एका सेटिंगच्या किमतीचा आहे.

आता मुद्द्यावर येऊ, करंट. आज घरी गेल्यावर कॅबिनेटची बाजू उघड आणि एसएमपीएसवरचं लेबल वाच. मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल त्याकडे बघूच नकोस, खाली तक्ता असतो त्यात +१२ व्ही च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. लोकल एसएमपीएसवर तिथे १६ नाहीतर १८ लिहिलेलं मी कित्येकदा पाहिलंय. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. तुझा प्रोसेसर ८४ वॅटचा, ५८० चे १८५, बोर्ड हार्डडिस्क फॅनचे ४०-५० धर, म्हणजे ३२० च्या आसपास गेलं, त्याला २६-२७ अँपिअर लागतात. १०६० लावलास तर तोच हिशेब अडीचशेच्या आसपास थांबतो, २०-२१ अँपिअर. म्हणजे एसएमपीएस दोन्ही कार्डांना बदलावा लागणारच, पण १०६० ला चांगल्या कंपनीचा, ८० प्लस लिहिलेला ४५० वॅटचा पुरतो आणि ५८० ला मी ५५० च्या खाली सांगणार नाही. त्या दोन एसएमपीएसच्या किमतीत जो फरक पडतो त्यात तुझी कार्डावरची हजाराची बचत बरीचशी विरघळते.

आणि ५८० ला ८ पिनचा कनेक्टर लागतो, तो लोकल एसएमपीएसला नसतो, मग दुकानदार मोलेक्सची (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरची) दोन तोंडं जोडून ८ पिन करणारी वायर हातात ठेवतो, शंभर-दीडशे रुपयांत काम झालं म्हणून आपण खूश. ती वायर लावू नकोस. माझ्या ओळखीच्या एका मुलाने लावली होती, दोन महिने चालली, मग एका रात्री जळकट वास यायला लागला, उघडून बघितलं तर मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनांना चिकटलेलं, ओढलं तर वायरसकट तुटून हातात आलं. कार्ड वाचलं, बोर्ड गेला.

यूपीएसचं तर कुणी बोलतच नाही. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. पीसी आतून ३२० वॅट खात असेल तर एसएमपीएसमधली घट धरून भिंतीतून ३७०-३८० ओढतो, वर मॉनिटरचे २५. म्हणजे ५८० वर खेळताना लाइट गेली की यूपीएस एक लांब शिट्टी मारून बंद पडणार, सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही. १०६० बरोबर सगळं मिळून ३१०-३२० होतं, ते यूपीएसच्या आवाक्यात बसतं. वीजबिलाची भीती मात्र घालू देऊ नकोस कुणाला, दोघांत ६५ वॅटचा फरक, रोज तीन तास खेळलास तरी महिन्याला सहाएक युनिट, युनिटला १० रुपये धरले तर साठ रुपये, त्यावरून कार्ड ठरवायचं नसतं.

दुसरं कारण तुझा प्रोसेसर. ४५७० ला चार कोर आणि चारच थ्रेड, आणि डायरेक्टएक्स ११ मध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर कमी ओझं टाकतो, एएमडीचा जुना ड्रायव्हर तिथे एकाच कोरला जास्त राबवतो, त्यामुळे प्रोसेसर कच्चा असला की जीटीए ५ सारख्या गेममध्ये १०६० जास्त नीट चालतो. व्हॅलोरंट दोन्हीवर तुझ्या मॉनिटरच्या ७५ च्या कितीतरी वर पळेल, तिथे कार्डाचा प्रश्नच नाही. रेड डेड २ ला १०६० ६ जीबी हे कंपनीने स्वतःच सुचवलेलं कार्ड आहे. सायबरपंक मात्र चालवून बघण्यापुरताच ठेव, त्याला कमीत कमी आय-७ ६७००, १२ जीबी रॅम आणि एसएसडी सांगितलीय, कार्ड कुठलंही घेतलंस तरी गर्दीच्या चौकात तुझा प्रोसेसर धापा टाकणार.

१०६० घेतल्याने काय गमावशील तेही सांगतो. तुझ्या मॉनिटरला फ्रीसिंक (कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळवून चित्र फाटू न देणारी सोय) असेल तर ५८० वर ती एचडीएमआयमधूनही चालते, १०६० ला ती फक्त डिस्प्लेपोर्टमधून मिळते आणि तुझ्याकडे तो पोर्ट नाही, म्हणजे फ्रीसिंक विसरायची. दुसरं, रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर दोघांतही नाही, आणि २०२४ च्या शेवटापासून काही मोठे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत, डूम द डार्क एजेस त्यातलाच, त्यामुळे असले गेम डोक्यातून काढून टाक. ड्रायव्हरचंही दोघांचं वय झालंय, एएमडीने ५८० च्या पिढीला २०२३ मध्येच वेगळ्या, कमी अपडेटच्या रांगेत बसवलं आणि एनव्हीडियाने १०६० च्या पिढीचे गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता सुरक्षेचे अपडेट तेवढे येतील. लिनक्सवर खेळणारा असतास तर मी परत ५८० म्हटलं असतं, तिथले खुले ड्रायव्हर त्या कार्डावर अजून छान चालतात.

एच८१ बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० आहे, पण ही दोन्ही कार्डं पूर्ण १६ लेन (बोर्डाशी बोलायचे रस्ते) वापरतात म्हणून फारसा फरक पडत नाही. हे अशासाठी सांगतोय की कुणीतरी तुला नवा कोरा आरएक्स ६५०० एक्सटी सुचवेल, वॉरंटीसकट, आणि मोह होईल. त्या कार्डाला फक्त ४ लेन आहेत आणि ४ जीबी मेमरी, तुझ्या बोर्डावर तो गुदमरेल.

तर साडेसहा हजार सांगतोय त्याला सहा म्हण, हातात रोख धरून म्हण, आणि उरलेल्यात एसएमपीएस घे. पैसे उरले नाहीत तर कार्ड महिनाभर थांबलं तरी चालेल पण एसएमपीएस आधी आण. त्यानंतर दिवाळीपर्यंत ८ जीबीची अजून एक डीडीआर३ काडी टाक, ८ जीबी रॅमवर रेड डेड २ चं खरं सुख नाही.

प्रश्न : भाऊ, मी चिपळूणहून लिहितेय. मुलाला बारावीला चांगले मार्क पडले तर गेमिंग कार्ड देईन असा शब्द दिला होता, त्याने तो पाळायला लावलाय. दुकानात विचारलं तर ते म्हणाले १०६० च घ्या, सगळे तोच घेतात, ३ जीबीचा ४ हजारांत देतो, ६ जीबीची काही गरज नाही. आमच्याकडचा पीसी एका ऑफिसने विकायला काढलेला होता तो घेतलाय, छोट्या उभ्या डब्याचा. तीन आणि सहामध्ये फक्त मेमरीचाच फरक असतो का?

उत्तर : ताई, शब्द पाळताय हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून तुमचे ४ हजार वाया जाऊ नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. फरक फक्त मेमरीचा नाही. ३ जीबीवाल्याला नाव १०६० चंच दिलंय पण आत कोरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२. तेवढं चाललं असतं, ३ जीबी चालत नाहीत. २०१६ मध्ये ते जेमतेम पुरायचे, आता मुलाला हव्या असलेल्या बहुतेक मोठ्या गेमना ती मेमरी पहिल्या पाच मिनिटांत भरते आणि वर मी जे अडकत अडकत चालण्याचं लिहिलंय ते सुरू होतं, आणि ते सेटिंग खाली आणूनही पूर्ण जात नाही. सगळे तोच घेतात हे म्हणणं ६ जीबीच्या नावावर उभं आहे. १०६० हे गेम विकणाऱ्या स्टीमच्या यादीत कित्येक वर्षं, पार २०२२ च्या शेवटापर्यंत, जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कार्ड होतं, त्या पुण्याईवर ३ जीबीवाले अजून खपतायत.

पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट ती छोट्या डब्याची. ऑफिसच्या पीसीत एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, अडीचशेच्या आसपास वॅटचा, त्यात कार्डासाठीची ६ पिनची वायरच नसते आणि बाजारातला दुसरा एसएमपीएस त्या जागेत बसत नाही. म्हणजे १०६० असो की ५८०, घरी आणल्यावर लावायलाच जमणार नाही. मुलाला सांगा पट्टी घेऊन डब्याची रुंदी मोजायला आणि आत एसएमपीएसमधून कुठल्या वायरी निघतात त्याचा फोटो काढायला, मग जीटीएक्स १६५० बघा. ४ जीबी मेमरी, ७५ वॅट, जो सगळा स्लॉटमधूनच मिळतो, वेगळी वायर लागत नाही. यातही काही मॉडेलना ६ पिन असते, ती घेऊ नका, आणि डबा अरुंद असेल तर कमी उंचीचं मॉडेल मागा. ताकदीत ते १०६० ६ जीबीपेक्षा जरा मागे आहे पण वयाने लहान, २०१९ चं, आणि त्याला गेमचे ड्रायव्हर अजून मिळतायत. थोडे पैसे जास्त जातील. मुलाने ज्या गेमसाठी हट्ट धरलाय त्यांची नावं कागदावर लिहून घ्या, ती त्यावर चालतायत का ते बघा आणि मगच पैसे द्या.

प्रश्न : नमस्कार, मी नांदेडहून. ऑनलाइन नवीन सीलबंद आरएक्स ५८० ८ जीबी मागवला, ७ हजारांत. खोक्यावरचा ब्रँड कधी ऐकलेला नव्हता पण रिव्ह्यू चांगले होते. लावल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडलं तर शेडर (आतले कोर) २०४८ दाखवतंय, सगळीकडे तर २३०४ लिहिलेलं असतं. कार्ड खोटं आहे का? चालतंय तसं व्यवस्थित.

उत्तर : खोटं नाही, पण तुम्ही जे समजून पैसे दिलेत ते हे नाही. २०१८ च्या शेवटी एएमडीने चीनच्या बाजारासाठी आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचा प्रकार काढला, नाव ५८० चं आणि आतली चिप जवळजवळ ५७० ची. तोच पुढे सगळ्या जगात पसरला आणि विकताना शेवटचं २०४८एसपी गळून पडलं. कार्ड वाईट नाही, ८ जीबी मेमरी खरीच आहे, वेगात खऱ्या ५८० पेक्षा साधारण दहाएक टक्के मागे राहील. पण ५७० च्या भावात मिळालं असतं तर ठीक, ७ हजारांत नाही. परत करायची मुदत शिल्लक असेल तर जीपीयू-झेडच्या खिडकीचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट लावून आजच परत करा, जाहिरातीत २३०४ लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

सीलबंद या शब्दावरही विसंबू नका. ५८० ची चिप जुनी झालीय, आता अनोळखी ब्रँडखाली नवीन म्हणून येणाऱ्या कार्डांत नव्या बोर्डावर वापरलेलीच चिप बसवलेली असण्याची शक्यता मोठी. या चिप येतात कुठून तर मायनिंगमधून, म्हणजे कार्डांना हिशेबाला जुंपून आभासी चलन मिळवण्याच्या धंद्यातून. ५८० ८ जीबी हे इथेरियम नावाचं आभासी चलन काढणाऱ्यांचं लाडकं कार्ड, रांगेने लावून रात्रंदिवस चालवलेलं, आणि १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली तेव्हा कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं आणि ढीगच्या ढीग बाजारात आले. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं मी म्हणत नाही. एकाच तापमानाला सतत चालल्याने चिपला फारसं काही होत नाही, झिजतो तो फॅन, वाळते ती पेस्ट, आणि मार बसतो तो मेमरीला.

मी मागच्या वर्षी असंच एक घेतलं. मागचे चार स्प्रिंगचे स्क्रू काढले, हीटसिंक हलकेच फिरवून सुटी केली तर चिपवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले, आणि मेमरीवरच्या थर्मल पॅडमधून तेल सुटून बोर्डावर चिकट ओघळ आलेला. स्पिरिटने पुसलं, नवी पेस्ट आणि त्याच जाडीचे पॅड लावले. आधी वीस मिनिटांत ८६ डिग्रीला जायचं, नंतर ७२ च्या वर गेलं नाही. म्हणून माणसाकडून घेताना मी पाच-सहा गोष्टी बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

फॅन बोटाने हलवून बघायचा, मधल्या दांड्यावर डुगडुगत असेल तर किंमत कमी करायची. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असेल तर का उघडलं ते विचारायचं, पेस्ट बदलली असं उत्तर आलं तर ते चांगलंच आहे. मग त्याच्याच पीसीवर जीपीयू-झेड. खऱ्या ५८० ला शेडर २३०४, १०६० ६ जीबीला १२८० आणि बस १९२ बिट. १०६० च्या नावाखाली पार जुनी कार्डं बायोस (कार्डाच्या आतला मूळ प्रोग्राम) बदलून विकतात, जीपीयू-झेड ती पकडून सरळ फेक म्हणून दाखवतं, आणि कार्डाच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर प्रोग्राम उघडायचीही गरज नाही, तिथूनच परत फिरा. ५८० ची मेमरी मुळात २००० मेगाहर्ट्झची, तिथे डिफॉल्टच २१००-२१५० दिसत असेल आणि कोर ११५० वर आणलेला असेल तर तो मायनिंगचा बायोस आहे, तुमच्या विंडोजवर एएमडीचा ड्रायव्हर अशा बायोसला धरत नाही, कार्ड दिसतं पण चालत नाही. मूळ बायोस परत टाकता येतो, काही मॉडेलच्या कडेला बायोसचं बारीक बटणही असतं, ते दुसऱ्या बाजूला सरकवून बघायचं. शेवटी युनिजिन हेवन (कार्डावर ताण टाकणारी चाचणी) वीस मिनिटं चालवायचं आणि एचडब्ल्यूइन्फो (कार्डाचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) बाजूला उघडं ठेवायचं, त्यात ५८० च्या मेमरीच्या चुकांचा आकडा दिसतो, तो शून्य असायला हवा. वाढत असेल तर स्क्रीनवर ठिपके दिसत नसले तरी घेऊ नका. विकणारा वीस मिनिटं द्यायला तयार नसेल तर मी उठून येतो.

परत करणं जमलं नाही तर कार्ड वापरा, फेकून देऊ नका. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगला जाऊन व्होल्टेज एकेक पायरी खाली आणा, ११५० मिलिव्होल्टच्या आसपास असेल ते १०८०-१०५० पर्यंत बहुतेक कार्डं निमूट ऐकतात, प्रत्येक पायरीला अर्धा तास गेम खेळून बघा. कार्ड थंड राहतं, फॅनचा आवाज कमी होतो आणि एफपीएस तेवढाच राहतो.

प्रश्न : बार्शीत लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो, सीझन नसताना गेम खेळतो. प्रीमियर वापरतो. १०६० ६ जीबी की ५८० ८ जीबी?

उत्तर : तुमच्यासाठी १०६०, फार विचार न करता. प्रीमियरमध्ये कुडा (एनव्हीडियाची कार्डाकडून हिशेबाचं काम करून घ्यायची पद्धत) जुना आणि पक्का आहे, आणि एनव्हीडियाचा एन्कोडर (व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) त्या काळच्या एएमडीच्या एन्कोडरपेक्षा एच.२६४ ला जास्त स्वच्छ फाइल देतो, एकाच बिटरेटला नवरीच्या शालूवरची जर कुठे फुटते आणि कुठे टिकते ते तुम्हाला लगेच दिसेल. फक्त प्रीमियरची जी आवृत्ती आज नीट चालतेय तीच धरून ठेवा, कारण एनव्हीडियाने कुडा १३ पासून या पिढीला बाहेर काढलंय आणि पुढच्या आवृत्त्या कधीतरी नवा ड्रायव्हर मागणारच. ऐन सीझनमध्ये, पाच लग्नांचा माल हार्डडिस्कवर पडलेला असताना, अपडेटचं बटण दाबू नका.